सुजातानं श्री काढला नव्हता

मंडळी, नमस्कार. सुजाताचे यजमान मिलिंदराव, सुजाताच्या आई, आणि गावाहून आलेले पाहुणे, तुम्हालाही नमस्कार.

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मला तशी मोठ्यानं बोलायची सवय आहे, मशीनच्या आवाजात आयुष्य गेलंय. पण आज मला तुमचे चेहरे बघायचेत.

माझं नाव घाडगे. शिरवण्यात माझं छपाईचं दुकान आहे. श्रद्धांजलीचे बॅनर मी इतके छापलेत की 'मनमिळाऊ', 'हसतमुख', 'कधीही न भरून निघणारी पोकळी' हे शब्द माझी बोटं झोपेतसुद्धा टाइप करतील. माझ्या आधी जे बोलले त्यांनी ते सगळे वापरून टाकले. सुजाता गमरे मनमिळाऊ होती म्हणे. अहो, कुठली मनमिळाऊ? भांडायची ती. माझ्याच दुकानात उभी राहून माझ्याच बॅनरला नावं ठेवायची. "मामा, लालावर पिवळी अक्षरं? लोकांचे डोळे फुटतील." गिऱ्हाईकासमोर म्हणायची. आणि गिऱ्हाईक तिचं ऐकायचं, माझं नाही.

पण दुकानात शिरताना पहिला शब्द काय? "रामराम, मामा." तिच्या घरी, तिच्या माणसांत जय भीम. शिरवण्याचे आगरी नामाकाका दिसले की त्यांच्या बोलीत "काय काका, बरा हाय ना?" माझ्याकडं मात्र कायम रामराम. मी तिला तसं कधी शिकवलं नव्हतं. मी साताऱ्याकडचा माणूस, बापाला रामराम करत वाढलो, हे तिनं कधी हेरलं कोण जाणे.

तर मंडळी, मी आज गोड बोलणार नाही. रडायचं ते मी शटर खाली ओढून रडून घेतलंय. आता माझ्याकडं राग उरलाय, आणि तो घेऊन मी घरी जाणार नाही.

गावाकडच्या पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या रहिवासी मंडळाचं इथं नेरूळमध्ये एक केंद्र आहे. घरात कुणी आजारी पडलं की व्हीलचेअर लागते, वॉकर लागतो, वरखाली होणारा बेड लागतो. तो केंद्रातून न्यायचा, काम झालं की परत आणून द्यायचा. सुजाताच्या सासऱ्यांचं आजारपण याच केंद्राच्या बेडवर गेलं. ते गेल्यावर ती बेड परत करायला आली आणि तिथंच चिकटली. महाप्यात एका कंपनीत वेबसाइट बनवायची नोकरी करायची, सुट्टीच्या दिवशी केंद्रात. आपलं जे पान आहे इंटरनेटवर, कोणती वस्तू आहे, कोणती दिली आहे, फोन कुणाला करायचा, ते पान तिनं नव्यानं बांधलं.

आधीही एक पान होतं. कुणीतरी कुठूनतरी उचलून आणलेलं. त्याच्या अगदी पहिल्या ओळीत एक लांबलचक इंग्रजी मजकूर होता. सुजातानं तो काढला आणि त्या जागी एवढीशी ओळ टाकली. आपले सेक्रेटरी देसाईसाहेब म्हणाले, "पूर्वीची ओळ चांगली भरघोस होती हो. सरकारी वाटायची. ही काय, पोस्टाच्या तिकिटाएवढी?"

देसाईसाहेब, तुम्ही समोर बसलायत म्हणूनच बोलतोय. पाठीमागं बोलणं सोपं होतं, ते मी केलेलं नाही.

ती ओळ कशाला असते हे तिनं मला दुकानात समजावलं होतं. मला संगणकातलं कळतं ते छपाईपुरतं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही मशीनवरच्या माणसाकडं काम देता तेव्हा आधी काय सांगता?" मी म्हटलं, कागद कुठला, आकार काय, एक बाजू की दोन्ही. "आणि नाही सांगितलं तर?" मी म्हटलं, नाही सांगितलं तर तो त्याच्या जुन्या सवयीनं छापतो आणि माझा माल वाया जातो. "बस," म्हणाली, "ही ओळ तेवढंच सांगते. तिला डॉकटाइप म्हणतात. ती वाचणाऱ्या माणसासाठी नाहीच. फोनमध्ये पान उघडणारा जो ब्राउझर आहे, त्याच्यासाठी आहे. बाबा रे, हे पान आजच्या नियमानं मांड, एवढंच ती म्हणते. पूर्वी या ओळीचे प्रकार होते. कडक नियमांची वेगळी, सैल नियमांची वेगळी. आता ती भानगड संपली, ही छोटी एकच पुरते. फक्त ती सगळ्यात आधी हवी. तिच्या आधी एक अक्षर जरी आलं, तरी ब्राउझर समजतो की हे कुठलं तरी जुनंपुराणं पान आहे. मग तो जुन्या काळच्या चालीनं मांडायला लागतो."

आणि ती म्हणाली, त्या जुन्या चालीत एक खोड होती. पानावर अक्षरं कितीही मोठी ठरवा, तक्त्यातली अक्षरं ऐकत नाहीत. ती आपली बारीकच राहतात.

आता केंद्राचं पान म्हणजे काय हो? तक्ताच ना? बेड, वॉकर, व्हीलचेअर, पुढं 'आहे' की 'नाही', पुढं फोन. आणि बघणारं कोण? मोतीबिंदू झालेले, हात थरथरणारे, चष्मा विसरलेले. तिनं अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली होती. "सासरे शेवटी वर्तमानपत्राचे मथळेच वाचू शकायचे," म्हणाली, "म्हणून मी सगळं पान मथळ्याएवढं ठेवलंय."

हे सगळं मी आत्ता का सांगतोय? शोकसभेत असलं कुणी सांगतं का? मंडळी, सांगतोय, कारण या एका ओळीपायी तिच्यावर जो आळ आला, तो अंगावर घेऊन ती गेली.

झालं असं. पानाचा पासवर्ड देसाईसाहेबांकडंही होता. वस्तू आली-गेली की ते फाइल उघडून बदल करायचे. फाइल हं, पान नाही. देसाईसाहेब कचेरीत आयुष्य काढलेले, फाइल म्हणजेच खरं काम असं मानणारे. फाइलमध्ये बदल करायचा, बंद करायची. बाहेर पान कसं दिसतं हे बघायला ते कधी गेलेच नाहीत. एक दिवस त्यांना वाटलं, आपल्या मंडळाचं काम, आणि सुरुवात कशानं, तर कसल्यातरी इंग्रजी अक्षरांनी? त्यांनी त्या ओळीच्या वर दोन उभे दंड, श्री, पुन्हा दोन उभे दंड असं टाइप केलं. मनापासून केलं. वाईट हेतू नव्हता, हे मी इथं उभा राहून सांगतो. आपण सगळेच करतो. पत्रिका असो, दुकानाची नवी वही असो, परीक्षेचा पेपरसुद्धा, आधी वर श्री, मग बाकीचं. माझं अर्धं दुकान त्यावर चालतं.

पण तो श्री त्या ओळीच्या आधी आला. आणि तक्त्यातली अक्षरं झाली बारीक.

शिरवण्याचे नामाकाका आहेत का इथं? आहेत. काका, बसा, उठू नका. काकांना काकूंसाठी बेड हवा होता. त्यांनी फोनवर तक्ता बघितला, व्हीलचेअरच्या पुढचं 'आहे' बेडचं समजून टेम्पो घेऊन केंद्रावर आले. बेड नव्हता. टेम्पो रिकामा परत गेला. काका त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसले होते. म्हणाले, "मना काय वाचताच नाय येत. अक्षरा मुंगीसारखी झाली. कोनी केला ह्या?"

सुजातानं शोधून काढलं कुणी केलं ते. तिनं गाजावाजा केला नाही. फाइलच्या पहिल्या ओळीवरचा श्री उचलला आणि जिथं माणसांना दिसतो तिथं, पानाच्या माथ्यावर, मधोमध ठेवला. नीट ऐका. उचलला आणि माथ्यावर ठेवला. मोठा केला. शेंदरी रंग दिला. अक्षरं पुन्हा मोठी झाली. मिटला ना विषय?

नाही मिटला. देसाईसाहेबांनी पुन्हा फाइल उघडली. पहिल्या ओळीवर श्री नाही. त्यांनी पान उघडून बघितलं नाही. सुजाताला फोन केला नाही. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तो मेसेज आजही तिथंच आहे, मी काल रात्रीपर्यंत बघत होतो कुणी काढतंय का. काय आहे त्यात? "मंडळाच्या वेबसाइटवरून श्री काढून टाकण्यात आला आहे. काहींना देवाचं नाव खुपतं. नाव घ्यायची गरज नाही, समजणारे समजतील."

समजणारे समजले. फार पटकन समजले.

आज मला एक सांगा. "काहींना" म्हणजे कुणाला? पानाला हात लावणारी माणसं दोनच, देसाईसाहेब आणि सुजाता गमरे. मग "काहींना" कशाला? सरळ म्हणायचं होतं ना, ती बौद्ध आहे म्हणून तिनं काढला. तेच म्हणायचं होतं, आणि सगळ्यांनी तेच वाचलं. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची किती चित्रं पडली. किती जणांनी लिहिलं, "साहेब, योग्य मुद्दा मांडलात." कुठला मुद्दा? ज्या फोनवर तुम्ही तो मेसेज वाचला, त्याच फोनवर ते पान होतं. बोटानं एकदा दाबलं असतं तर माथ्यावरचा शेंदरी श्री दिसला असता. एकानंही दाबलं नाही. तिच्या हातून आपल्या आईबापांसाठी बेड नेलेल्यांनीसुद्धा नाही.

त्यानंतर देसाईसाहेबांनी पहिल्या ओळीवर श्री परत टाकला आणि पासवर्ड बदलला. केंद्रातून तिला कुणी काढलं नाही, तसं काढत नाहीत. फक्त ती आली की बोलणं थांबायला लागलं.

ती माझ्याकडं आली. रामराम मामा म्हणाली, तेव्हाही म्हणाली. मी तापलो होतो. म्हटलं, थांब, मी लिहितो ग्रुपवर, एकेकाची हजेरी घेतो. ती म्हणाली, "नको मामा. तुम्ही लिहिलंत की भांडण होईल आणि पान राहील बाजूला. वार्षिक सभा येतेय. माझ्याकडं पानाची नक्कल आहे, ती पडद्यावर लावते. श्री पहिल्या ओळीवर टाकून दाखवते, अक्षरं बारीक होताना बघू देत. मग खाली घेऊन दाखवते. डोळ्यांनी बघितलं की मानतील." मी म्हटलं, तुला राग नाही आला? तर म्हणाली, "मामा, माझं काम कुणी वाईट म्हटलं असतं तर मी भांडले असते. मला भांडायला आवडतं. पण यांनी काम बघितलंच नाही. आडनाव बघितलं. त्याच्याशी कसं भांडायचं, सांगा."

तिचं ऐकून मी ग्रुपवर काही लिहिलं नाही.

मग तापाचं निमित्त झालं. आधी साधा ताप वाटला, मग प्लेटलेट घसरल्या, मग आयसीयू. वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. तिचं दाखवायचं राहिलं.

आता या माझ्या मागच्या बॅनरकडं बघा. मीच छापलाय. मजकूर देसाईसाहेबांनी पाठवला. माझी एक पद्धत आहे, कुठलंही काम आलं की मी विचारतो, वर काय टाकू? कुणी श्री गणेशाय नमः सांगतं, कुणी नमो बुद्धाय, कुणाला क्रॉस हवा असतो. तसं मी फोन करून विचारलं, साहेब, वर काय टाकू? साहेब काय म्हणाले माहीत आहे? "अहो घाडगे, वर काही नको. अशुभाचं आहे. त्यावर श्री कसा टाकणार?"

बरोबर आहे. रीतच आहे ती. निधनाच्या पत्रावर माझ्या बापानं कधी श्री लिहिला नाही, माझ्याही दुकानात छापला जात नाही. बघा बॅनर. वर काय आहे? कोरं आहे. मग मी विचारतो, साहेब, आज श्री कुणाला खुपला? तुम्हाला? मला? कुणालाच नाही ना? कुठल्या कागदावर काय आधी लिहायचं याचे नियम असतात, आणि नियम पाळला म्हणून देवाचा अपमान होत नाही, हे तुम्हाला कळतं. तुम्हाला ते पहिल्यापासून कळत होतं. तीही एवढंच सांगत होती. तुम्ही पाळलात की रीत, आणि तिनं पाळला तर तिला देव खुपतो?

फोनवर तुमचं ते वाक्य ऐकलं आणि मी मशीन बंद करून बसलो. पोरीचा फोटो समोर स्क्रीनवर, आणि हे वाक्य कानात. मला वाटलं होतं की बॅनर पोचवावा आणि घरी निघून जावं. पण मग आज इथं 'मनमिळाऊ' ऐकायला लागलं असतं आणि तेवढ्यावर सगळं आटपलं असतं.

मंडळी, शोकसभेत फोन बंद ठेवायचे असतात. आज काढा बाहेर. काढा, मी थांबतो. आपल्या केंद्राचं पान उघडा. पाहुण्यांनी शेजारच्याच्या फोनमध्ये बघा.

उघडलं? वर डाव्या कोपऱ्यात बघा. एक बारीक काळा श्री दिसेल. तो देसाईसाहेबांचा, पहिल्या ओळीवरचा. आता त्याच्या खाली बघा. मधोमध, मोठा, शेंदरी. तो सुजाताचा. तो कधीच कुठं गेला नव्हता. तुम्ही तिला बोल लावत होता तेव्हाही तो तिथंच होता. जिला देवाचं नाव खुपत होतं, तिनं लिहिलेलं देवाचं नाव बघा केवढं आहे, आणि ज्यांनी भक्तीनं लिहिलं त्यांचं बघा.

आणि आता खालचा तक्ता वाचा. येतोय वाचता? नामाकाका, तुम्हाला येतोय? नाही. काकू अजून जमिनीवर गादी टाकून झोपतात. मंडळी, बेड आलाय केंद्रात परत. तक्त्यात 'आहे' असं लिहिलंय. काकांना ते दिसत नाही, एवढंच.

देसाईसाहेब, मान खाली घालू नका, मला तेही नकोय. तुम्ही वाईट माणूस नाही. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तुम्ही स्वतः टेम्पोतून बेड उतरवायला हात लावला होता, मी विसरलेलो नाही. म्हणून तर जास्त लागलं. तुमच्याकडं मी मागतोय ते मोठं नाही. तो मेसेज तुम्ही ज्या ग्रुपवर टाकलात, त्याच ग्रुपवर, तुमच्याच नावानं लिहा. सुजातानं श्री काढला नव्हता. एवढंच. "काहींना" नको, "गैरसमज झाला" नको. नाव घेऊन आळ घातला नव्हता, पण उतरवायचा नाव घेऊन. तिची आई इथं बसली आहे. तिच्या नातेवाइकांमध्ये तो मेसेज फिरला आहे. त्या माउलीनं मला काल विचारलं, "दादा, माझ्या पोरीनं खरंच तसं काही केलं होतं का?" मुलगी गेलेल्या बाईला हा प्रश्न पडावा, मंडळी? आपल्यामुळं?

आणि पहिल्या ओळीवरचा श्री काढायला पासवर्ड मिलिंदरावांना द्या. ते तिच्याच धंद्यातले आहेत. मधोमधचा राहू दे. तो तिच्या हातचा आहे.

आता अध्यक्ष दोन मिनिटं मौन पाळायला सांगतील. मी उभा राहीन. पण मौन आपल्याला फार चांगलं जमतं, हे मला तिच्या वेळी कळलंय. म्हणून त्या दोन मिनिटांत नुसते हात बांधून उभे राहू नका. त्या मेसेजखाली आपण काय केलं होतं, तेवढं आठवा. आणि मौन संपलं की फोन खिशात जायच्या आधी काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवा. मी सगळ्यांकडं बघणार आहे.

मौनाआधी मला तिला नमस्कार करायचा आहे. इतकी वर्षं ती माझ्या दारात यायची आणि माझ्या घरचा नमस्कार घालायची. मी तिला उलट रामरामच म्हणायचो. आज ती तिच्या माणसांत आहे, आणि मी तिच्या दारात आलोय.

सुजाता, जय भीम.